गावाला घातलेला वळसा

माझ्या वडिलांनी माझ्या पत्नीला ‘सायकल चालवू नकोस’ असे कधीही म्हटले नव्हते. ते मी म्हटले होते, आणि त्यांच्या नावावर खपवले होते. अशा गोष्टी घरातल्या घरात मिटवाव्यात, लिहू नयेत, असे मानणारे लोक माझ्या नात्यात पुष्कळ आहेत. त्यांचा मान राखूनही मी लिहितो आहे.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत तिच्या भावाने तिची हिरवी लेडीज सायकल टेम्पोत घालून आमच्या गावी आणून सोडली. त्याच सायकलवरून ती हायस्कूलला जात असे. ओढ्यापलीकडच्या गावात बालवाडी सुरू होणार होती आणि तिथे शिकवायला तिला बोलावणे आले होते. एसटी दुपारी एकदाच यायची, म्हणजे सायकलवाचून जाणे शक्य नव्हते. मी तेव्हा नुकताच शाळेत भूगोल शिकवू लागलो होतो. संध्याकाळी पारावर माझ्याच वयाच्या कुणीतरी म्हटले, “मास्तर चालत आन् मास्तरीण सायकलवर! गड्या, कॅरिअरवर बसून जातोस का काय?” सगळे हसले, मीही हसलो. घरी आल्यावर मात्र मी तिला अगदी हळू आवाजात सांगितले, “आबांना नाही आवडणार. म्हातारं माणूस आहे. कशाला दुखवायचं?”

आबा म्हणजे माझे वडील. फौजेतून निवृत्त होऊन आलेले, बोलायला कमी, पण मनाने मोकळे. काही दिवसांनी त्यांनीच मला विचारले, “सूनबाईची सायकल का पडून हाय रं?” मी तितक्याच हळू आवाजात म्हणालो, “तिलाच नको वाटतंय, आबा. लाजते.”

एवढ्या दोन वाक्यांनी मी दोन माणसांमध्ये भिंत उभी केली, आणि दोघांनीही मला समजूतदार म्हटले. बालवाडी दुसऱ्या कुणाला मिळाली. पत्नीने आबांची सेवा शेवटपर्यंत केली. चहा, पथ्यपाणी, औषधे, कशातही उणे पडू दिले नाही. पण त्यांच्याशी ती कामापुरतेच बोलली. सून मितभाषी आहे, असे आबांना वाटत राहिले. माझा आवाज मऊ आहे, म्हणून लोक मला सज्जन समजतात. मऊ आवाजाने काय काय करता येते, हे मला ठाऊक आहे.

आता आम्ही साताऱ्यात राहतो. मुलगा शिरवळला नोकरी करतो. पत्नी घरीच शिवणवर्ग चालवते. गेल्या वर्षी तिने गिअरची सायकल घेतली, कुणालाही न विचारता. सायकल घरी आली त्या दिवशी मी ‘छान आहे’ म्हणालो आणि पेपर वाचत राहिलो. पेपरात काय होते ते मला आज आठवत नाही. पहाटे ती बायकांच्या एका गटाबरोबर फिरू लागली. मग माझ्या वाढदिवसाला तिने मलाही एक सायकल आणून दिली आणि जाहीर केले, “दिवाळीच्या सुट्टीत माहेरी जायचं. सायकलनं. चार दिवस लागू देत नाहीतर पाच.”

तिचे माहेर तासगावकडे, येरळेच्या काठी. आजवर ती तिकडे भावाच्या गाडीतून किंवा माझ्या गाडीतून गेली होती. आमच्याकडे सासुरवाशिणीला माहेरी न्यायला मुऱ्हाळी येतो, आणि अजूनही तिचा भाऊ कौतुकाने येत असे. या खेपेस तिने त्याला फोन करून सांगितले, “मुऱ्हाळी पाठवू नको. मी माझी येते.”

घराघरांतून विरोध सुरू झाला. मुलगा म्हणाला, “आई, हौसच असेल तर महाबळेश्वरला जा. सगळे तिकडं जातात. हॉटेलं आहेत.”

“मला हॉटेल बघायचं नाही. मला आईचं घर बघायचंय.”

“मग मी मागून गाडी घेऊन येतो. हळू चालवीन.”

“वरात काढतोस का माझी? बँडवाले पण सांग.”

माझ्या बहिणीचा फोन आला. “वहिनी, या वयात? लोक काय म्हणतील?”

“लोकांना सांगा, मी रस्त्याच्या कडेनं जाणार आहे. कुणाला धक्का लागायचा नाही.”

मी तिच्या बाजूने उभा राहिलो. मुलाला, बहिणीला, समोरच्या घरातल्या काकांनाही मी ठामपणे सांगितले की आम्ही जाणारच. असे ठाम बोलणे मला अंगवळणी नाही. पण ते बोलताना मला फार बरे वाटले. आपण पुरेसे बदललो आहोत, अशी मी स्वतःची समजूत करून घेतली. ती खोटी होती, हे आमच्या जेवणाच्या टेबलावर पसरलेल्या नकाशाने दाखवून दिले.

रस्ता आखण्याचे काम अर्थातच माझ्याकडे होते. भूगोलाच्या मास्तराकडून ते कोण काढून घेणार? अट एकच होती. हमरस्ता नको, आतले निवांत रस्ते हवेत. पाटाकडेचे, ओढ्यावरच्या फरशी-पुलावरून जाणारे, दोन्ही बाजूंना ऊस नाहीतर ज्वारी असलेले. पण आमच्या भागात निवांत रस्ता सापडणे सोपे आहे, पाव्हणे नसलेला रस्ता सापडणे अवघड. प्रत्येक गावात कुणाची तरी आत्या, कुणाचा तरी साडू. थांबलो नाही तर रुसवा, थांबलो तर जेवण. आणि जेवल्यावर पॅडल मारणार कोण? पत्नी एकेका गावावर बोट ठेवत होती आणि मी सांगत होतो, “इथं मावसभाऊ आहे. सकाळी लवकर जाऊ, म्हणजे तो रानात असेल.” आम्ही पुष्कळ हसलो. तिने जुन्या रेग्झीनच्या दोन जोड्या पिशव्या शिवायला घेतल्या होत्या, कॅरिअरच्या दोन्ही अंगांना लटकवायच्या. मशीनवर बसूनच ती मला रस्ता विचारत होती.

मग मशीन थांबले. ती उठून टेबलाजवळ आली.

“हे काय? साताऱ्यातून निघून कोरेगाव, पुसेगाव, आणि मग खाली औंधला? निवांत रस्ता पाहिजे म्हणून निघालो आणि हमरस्त्यावर नेताय?”

“रहिमतपूरच्या बाजूला उसाचे ट्रॅक्टर असतात.”

“अजून साखर कारखान्याची मोळी पडायची आहे, गाळप सुरू व्हायचंय. ट्रॅक्टर कुठले आलेत आत्ताच?”

रहिमतपूरच्या पुढे, औंधच्या अलीकडे आमचे गाव आहे. आखलेली रेघ त्या गावाला लांबचा वळसा घालून गेली होती. ती मी मुद्दाम आखली, असेही मी म्हणू शकत नाही. माझ्या हाताला ते वळण पडलेलेच होते. सायकलवरची माझी बायको पारावरच्या लोकांना दिसू नये, ही जुनी तजवीज मी पन्नाशी उलटल्यावरही करतच होतो.

तिने गावावर बोट टेकवले. “पहिला मुक्काम इथं. आपल्या घरी.”

“तिथं कशाला? घर लहान, तात्या थकलेले...”

“ज्या अंगणात माझी सायकल भिंतीला टेकून गंजली, त्या अंगणातनं मी सायकलवर बसून निघणार आहे. सगळ्यांच्या देखत. आबा आज असते ना, तर त्यांच्या नजरेसमोरून घंटी वाजवत गेले असते.” तिचा आवाज चढला नव्हता. “मी त्यांना कधी उलट बोलले नाही. हे माझं उत्तर.”

मी पेन्सिल खाली ठेवली. इतक्या वर्षांनी ती उत्तर द्यायला निघाली होती, आणि ते उत्तर एका निरपराध माणसाला मिळणार होते. मी पुढेही असाच गप्प राहिलो असतो तर कुणालाही काही कळले नसते. आबा नव्हते. प्रवास उत्तम झाला असता. अंगणातून घंटी वाजवत ती निघाली असती आणि मी मागून, तिचा पाठीराखा म्हणून, मान वर करून गेलो असतो.

मुक्कामाचे कळवायला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तात्यांना फोन लावला. तात्या म्हणजे आबांचे धाकटे भाऊ. गावच्या घरात आता तेच राहतात. त्यांना कमी ऐकू येते, म्हणून पत्नीने फोनचा आवाज मोठा करून तो टेबलावर ठेवला.

“तात्या, आम्ही येतोय मुक्कामाला. सायकलवर.”

“कशावर?”

“सायकलवर! दोघंही.”

“का रं? गाडी वडून न्हेली का बँकेनं?”

पत्नीला हसू आले, पण लगेच ती फोनवर वाकली. “तात्या, मी बोलतेय. चालेल नव्हं? घरातली सून सायकलवर आलेली?”

“आगं चालंल म्हंजी? लय ब्येस! थोरला आसता तर त्येचं डोळं निवलं आस्तं, पोरी.”

“कुणाचे? आबांचे?”

“मग कुनाचं? तुजी ती हिरवी सायकल दर बाजाराच्या दिवशी पुसायचा त्यो. चेनीला तेल घालायचा. मी म्हनायचो, आवं दादा, कुनी बसत न्हाई आन् कशाला येवडा जीव लावताय? तर म्हनायचा, आसू दे. कवातरी बसंल.”

पुढे ते गव्हाचे आणि गुडघ्याचे बोलले. फोन बंद झाल्यावर पत्नीने पिशवीच्या शिवणीवरून अंगठा फिरवला.

“तात्यांचं वय झालं,” ती म्हणाली. “घोटाळा होतो त्यांचा. आबा कशाला पुसतील?”

तिने दार उघडून दिले होते. मी फक्त ‘हो’ म्हटले असते तरी पुरले असते. ‘हो’ म्हणण्याचा माझा सराव मोठा आहे. पण मग तीच म्हणाली, जणू स्वतःशीच, “चेनचं तेल मात्र लागलं होतं एकदा. माझ्या साडीला. मी म्हटलं, पडून राहिलेल्या सायकलला ताजं तेल कुठलं?”

“तात्यांचा घोटाळा नाही,” मी म्हणालो. “आबांनी कधीच नको म्हटलं नव्हतं. मी म्हटलं होतं. आणि तुलाच सायकल आवडत नाही, असं त्यांना सांगितलं होतं.”

तिने माझ्याकडे पाहिले. रडली नाही, ओरडलीही नाही. तिने विचारले, “का?”

“पारावर हसले म्हणून.”

“एवढ्यासाठी?”

“एवढ्यासाठीच.”

कारण याहून मोठे असते तर बरे झाले असते, असे तेव्हा मला वाटले. मी पुढे बोलणार होतो, तर तिने हात वर करून मला थांबवले.

“इथं नाही. या स्वयंपाकघरात, या असल्या हळू आवाजात नाही. मी आबांच्या ताटात भाकरी वाढली आणि शब्द वाढला नाही, सगळ्या गावानं बघितलंय. मला शिष्ट म्हणाले. तुम्ही पण तिथंच बोला. अंगणात, माणसांच्या देखत. मग बघू पुढं माझ्याबरोबर यायचं का नाही ते.”

नकाशावरची रेघ मी त्याच वेळी खोडली आणि सरळ गावातून नेली, पारावरून, घराच्या दारापर्यंत. पुढचे दिवस ती माझ्याशी कामापुरतेच बोलली. हे बोलणे कसे असते ते आबांनी किती वर्षे ऐकले असेल, याचा मला त्या दिवसांत अंदाज आला. पिशव्या मात्र तिने दोन्ही जोड्या पुऱ्या केल्या. जादा ट्यूब, पंप, पंक्चरचे सामान माझ्या पिशवीत भरले.

भाऊबीज झाल्यावर आम्ही निघालो. वाटेत ती माझ्या पुढे राहिली, बोलली नाही. गावात शिरताना पारावर माणसे होती. त्यांतला एक जण उठून उभा राहिला आणि ओरडला, “आरं मास्तर! म्हातारपणी ह्ये काय?” मी सायकल थांबवली. “ही पुढं चाललीय ना, तिच्या मागून निघालोय,” मी म्हणालो, “आणि तू पण चल घरी. मला चार माणसं पाहिजेत.” त्याला वाटले काही कार्य आहे, तो आणखी दोघांना घेऊन आला.

अंगणात तात्या बाजेवर बसले होते. चुलत भाऊ, भावजय, शेजारचे दोघे-तिघे आणि पारावरचे ते तिघे. जिथे हिरवी सायकल टेकलेली असे, त्या भिंतीला पत्नीने आपली सायकल टेकवली आणि तिच्या शेजारी उभी राहिली. मी काय झाले होते ते सांगायला सुरुवात केली. चुलत भावाला पहिल्या दोन वाक्यांतच उमगले. त्याने माझा दंड धरला. “जाऊ दे की गड्या. मेलेल्या मानसाचं कशाला? घरातलं हाय.” दंड सोडवून घेऊन मी सगळे सांगितले, दोन्ही खोट्यांसकट. तात्यांनी कानामागे हात धरला.

“आयकू येत न्हाई रं. मोठ्यानं बोल.”

तेव्हा मी माझ्या आयुष्यात वापरला नव्हता असा आवाज काढला. पलीकडच्या आळीत एक कुत्रे भुंकू लागले.

“आबांनी हिची सायकल कधीच अडवली नाही, तात्या! मी अडवली! आबांना मी फसवलं, हिला मी फसवलं, आणि दोघांनाही एकमेकांपासून तोडलं. आबांची माफी मागायची राहूनच गेली, ती या अंगणात मागतो.” मग मी पत्नीकडे वळलो. “आणि तुझी, सगळ्यांच्या देखत. चुकलो मी. मला माफ कर.”