मोहाच्या फांदीवरचा रेडिओ

मोहफुलांचा वास आला की पोंभुर्ण्याच्या जंगलातली ती सकाळ आठवते. फुलं वेचताना आवाजानं वाघ दूर राहावा, म्हणून माय फांदीला रेडिओ टांगायची. त्याचे चार्जिंगचे सेल तिनं गेल्या हंगामातच चार्ज करून पेटीत जपून ठेवले होते.

"आधी चार्ज कर ना वो," मी म्हटलं.

"वापरलेच नाई, तं संपतीन काऊन?" माय हसली.

जंगलात पोचून फुलं वेचायला लागलो, आणि गाणं अर्ध्यातच थांबलं. मी रेडिओवर थापा मारत ओरडलो, "माय, सेल गेले वो!" ती शांतता मला तेव्हा फक्त रेडिओची वाटली. माय वेचत होती त्या पलीकडच्या मोहाखाली गेलो, तर टोपली होती, माय नव्हती. वाघानं तिला नेलं होतं.

पेटीत नुसते पडूनही सेल उतरतात, हे नंतर कळलं. ते मी दर महिन्याला चार्ज करतो. मोह वेचायला मात्र आमच्या घरून आता कोणी जात नाही.