काकूंचा कॉम्प्युटर तापतो तेव्हा

किस्से कुणाकडे जास्त साठतात यावर परवा कट्ट्यावर वाद झाला. कुणी म्हणालं डॉक्टर, कुणी म्हणालं रिक्षावाला. मी म्हटलं, तुम्ही कधी असेंबल्ड कॉम्प्युटर विकले नाहीत! कंपनीचा कॉम्प्युटर बिघडला की माणूस कंपनीला फोन करतो. असेंबल्डवाला थेट दुकानात येतो, चहा पितो आणि घरातलं सगळं सांगत बसतो. मंदार, मिलिंद आणि मी अशा तिघांनी कर्वेनगरात दुकान टाकलं, तेव्हा पुण्यात सगळ्यांनाच कॉम्प्युटर हवा होता आणि कुणालाच त्यातलं काही कळत नव्हतं. आम्हालाही फारसं नाही! आज खिशातल्या फोनमध्ये त्याच्या कितीतरी पट ताकद आहे म्हणतात. असेल. मला मात्र ते दिवस परत हवे आहेत.

*

पहिला कॉम्प्युटर आम्ही मंदारच्या खोलीत जोडला. शेवटी एकही स्क्रू उरला नाही याचाच केवढा आनंद! बटण दाबलं, स्क्रीन उजळला आणि पाच मिनिटांत सगळं ठप्प. पुन्हा चालू, पुन्हा ठप्प.

प्रोसेसर तापत होता. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचं डोकं. त्याच्यावर अॅल्युमिनियमचा एक ठोकळा बसवतात आणि ठोकळ्यावर पंखा. ठोकळ्याने उष्णता ओढून घ्यायची, पंख्याने ती उडवून लावायची. मिलिंदने सगळं पुन्हा खोलून पाहिलं. ठोकळ्याच्या तळाला चिकटवलेली प्लॅस्टिकची पट्टी मंदारने काढलीच नव्हती!

"अरे, ती काढायची असते!"

मंदार शांतपणे म्हणाला, "नव्या वस्तूचं प्लॅस्टिक कोण काढतं? आमच्या फ्रिजला अजून आहे."

आम्ही बाहेर जाऊन पाहिलं. होतं!

*

मार्केट यार्डातल्या एका मिरचीच्या व्यापाऱ्याचा कॉम्प्युटर दुपारी हटकून बंद पडायचा. मिलिंद आणि मी गेलो. मिलिंदची पद्धत ठरलेली. आधी कान लावायचा, मग हात, मग स्क्रूड्रायव्हर. कान लावून तो म्हणाला, "पंखा दमलाय." कॅबिनेट उघडून त्याने ब्लोअर लावला आणि आत साठलेली तिखटाची पूड सगळ्या गाळ्यात उडाली. शेठ, मुनीम, चार हमाल, आम्ही दोघं, सगळे शिंकून बेजार!

शेठ पहिले सावरले. रुमालाने नाक पुसत म्हणाले, "बघा! भेसळ असती तर आली असती का एक तरी शिंक?"

*

हडपसरच्या एका गिऱ्हाइकाला मंदारने फोनवर सांगितलं, "डोकं तापतंय त्याचं. जरा हवा लागू द्या." आठवड्याने जाऊन बघतो तर कॅबिनेट उघडं आणि त्याच्या अगदी समोर पाण्याचा भलामोठा कूलर. मदरबोर्डवर चक्क पाण्याचे थेंब! कोपऱ्यात गिऱ्हाइकाचे वडील वर्तमानपत्राने वारा घेत बसले होते.

"आधी तो कूलर बंद करा!" मंदार ओरडला.

म्हातारे म्हणाले, "मी कवाधरनं तेच म्हणतोय. डोकं माझंबी गरम हाय, पन मला कोन इचारतंय!"

*

मग मंदार अमेरिकेला गेला. तेव्हा सगळेच जात होते. "दोन वर्षांत येतो, माझी खुर्ची कुणाला देऊ नका," असं सांगून गेला. आम्ही दिली नाही. गिऱ्हाईक उभं राहिलं तरी चालेल, पण त्या खुर्चीवर कुणाला बसू द्यायचो नाही.

एकदा दुकानात त्याचा फोन आला. "इथे बर्फ पडतंय. खिडकी उघडली की प्रोसेसर गार. पंख्याची गरजच नाही!" आम्ही हसलो. 

"तिकडे काय चाललंय?" त्याने विचारलं.

"काही नाही. तापतंय," मिलिंद म्हणाला.

"तापू दे रे," मंदार म्हणाला. "इथे काहीच तापत नाही."

*

मंदारच्या खोलीतला तो पहिला कॉम्प्युटर आता काकूंच्या, म्हणजे त्याच्या आईच्या ताब्यात आला. दर रविवारी सकाळी मायलेक इंटरनेटवरून बोलायचे. काकूंचा सगळा आठवडा त्या रविवारसाठी चाललेला असायचा. मुलाने जोडलेल्या कॉम्प्युटरला धूळ लागू नये म्हणून त्यांनी जाड कापडाचं कव्हर शिवलं, वरपासून खालपर्यंत. चालू असतानाही ते काढायच्या नाहीत. अर्थात तो तापून बंद पडायला लागला.

मिलिंदने हात जोडले. "काकू, मागच्या बाजूला हवेसाठी एक खिडकी तरी ठेवा."

पुढच्या खेपेला गेलो तर खिडकी होती. कडेने सुंदर गोट शिवलेला आणि खिडकीला छोटासा पडदा!

"उघडं बरं दिसेना," काकू म्हणाल्या.

*

पडदा काढला, कव्हर काढलं, तरी तो अधूनमधून बंद पडायचाच. एका रविवारी मंदार म्हणाला, "आई, मी दिवाळीला..." आणि कॉम्प्युटर ठप्प!

"फोन करून विचारा ना," मी काकूंना म्हटलं.

"विचारायचं काय त्यात? येतोच आहे तो," असं म्हणून काकूंनी अनारशांचे तांदूळ भिजत घातले. खरं सांगतो, आम्हीही विचारलं नाही. मिलिंदने मंदारची खुर्ची पुसून ठेवली.

शनिवारी आम्ही पंखाच बदलला. जुना घरघरायचा, अडखळायचा. नवा फिरतोय हे हात लावल्याशिवाय कळत नव्हतं. रविवारी कॉम्प्युटर पहिल्यांदाच सलग तासभर चालला. दिवाळीला येणं होणार नाही, पुढच्या वर्षीही कठीण आहे, तिकडेच घर बघतोय, हे सगळं मंदारने आईला नीट समजावून सांगितलं.

"काकू, चालला ना कॉम्प्युटर?" मी संध्याकाळी फोन करून विचारलं.

"उत्तम चालला," काकू म्हणाल्या. "एक शब्दही तुटला नाही."

*

चार दिवसांनी काकूंचा दुकानात फोन. "कॉम्प्युटर बंद आहे." आम्ही दोघं गेलो तर चालू होता.

"चालू आहे की, काकू!"

"मग आवाज कुठे येतोय?"

आवाज येत नाही हेच चांगलं, असं मिलिंद समजावू लागला. काकूंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मंदार घरी आला की या खोलीतच असायचा आणि मी स्वयंपाकघरात. ती घरघर ऐकू आली की कळायचं, आहे घरात. आता फार गप्प वाटतं रे. तो जुनाच लावून द्या."

"तो लावला तर प्रोसेसर जळेल, काकू," मी म्हटलं.

"जळू दे."

मिलिंदने बॅग उघडली. जुना पंखा त्याच्या बॅगेतच राहिला होता. नव्याला हात न लावता त्याने जुना कॅबिनेटच्या मागच्या जाळीवर बसवायला घेतला. काम त्याला काहीच नाही, नुसतं फिरायचं. काकू आम्हाला जेवून जायला सांगून स्वयंपाकघरात गेल्या होत्या. मिलिंद नेहमीसारखं "घरून जेवून आलोय, काकू" म्हणाला होता. इतक्या वर्षांत तो त्या घरी कधी जेवला नव्हता.

तीन स्क्रू लागले होते. वायर जोडून मिलिंदने बटण दाबलं. जुना पंखा अडखळला, थांबला आणि मग घरघर सुरू झाली.

आतून हाक आली, "मंदार, पुरे झालं आता ते! पानं घेतलीयेत!"

मी मिलिंदकडे पाहिलं. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज एकदम थांबला होता.

मिलिंदने चौथा स्क्रू तसाच मुठीत धरला.

"आलो, दोनच मिनिटं!" तो ओरडला.

"तुझी दोन मिनिटं माहितीयेत मला!"