उरलेलं प्रथिन

आमच्या सोनपेठला सत्काराला कारण लागत नाही, पण या वेळी खरंच कारण होतं. माझी पुतणी धम्मशीला हैदराबादला पेशींवर संशोधन करते. पेशीतल्या डीएनएची सारखी मोडतोड होत असते आणि काही प्रथिनं ती दुरुस्त करतात. त्यातलं एक प्रथिन नेमकं किती कामाचं, हे पाहायला तिनं माणसाच्या पेशींमधलं त्याचं जनुकच निकामी केलं. मग डीएनएला मुद्दाम इजा केली, तरी पेशी ठणठणीत! म्हणजे या प्रथिनावाचून काही अडत नाही, असा निष्कर्ष निघाला. त्यावरचा शोधनिबंध छापून आला की परदेशातली जागा पक्की होती. मी लगेच फ्लेक्स लावला. त्यावर तिच्यापेक्षा माझाच फोटो मोठा आला असं तिची आई, म्हणजे सरजावहिनी म्हणतात. त्यांचं सोडा.

सत्काराच्या दिवशी सकाळी तिला प्रयोगशाळेतल्या अपेक्षाचा फोन आला. प्रथिन खरंच गेलं, की नुसतं दिसेनासं झालं, अशी शंका धम्मशीलाला स्वतःलाच आली होती. आधीची चाचणी प्रथिनाचं एकच टोक ओळखायची, आणि तुटलं होतं तेही तेवढंच. तिनं अपेक्षाला दुसऱ्या टोकाची चाचणी करायला सांगितली होती. उरलेला तुकडा पेशीत सापडला. दुरुस्ती बहुधा तोच करत होता.

मी वैतागलो. "कुणाला कळायलंय त्यातलं? आज गप ऱ्हा. लोकं जमायलेत."

"काका, प्रयोगशाळेतल्या सरांना सांगितलंय मी. निबंध थांबवलाय."

"आन् परदेश?"

"गेलं समजा." तिचे डोळे भरून आले होते. "पण चुकीचं छापून कसं जाऊ?"

विहारातल्या सत्कारात माईक हातात येताच तिनं सगळं सांगून टाकलं, कुणावरही न ढकलता. "माझा निष्कर्ष चुकला. आता जनुक पुरतं काढून पुन्हा पाहणार आहे." टाळी वाजवावी की नाही, कुणालाच कळेना. मी शाल धरून खांबासारखा उभा. पोरीचा राग आला होता, आणि खरं सांगतो, त्याच वेळी ऊर अभिमानानं भरून आला होता. एवढ्या लोकांसमोर मला नसतं जमलं.

तेवढ्यात सरजावहिनी उठल्या आणि त्यांनी माझ्या हातातली शाल ओढूनच घेतली.

"भावजी, उभे काय ऱ्हायलाव? लपवलं असतं तर म्याच घालू दिली नसती," म्हणत त्यांनी ती लेकीच्या खांद्यावर टाकली.