खाणीतला सोडलेला कोपरा

माझ्या सासऱ्यांची उरणच्या बाजूला डोंगरात दगडाची खाण आहे. मी देशावरून आलेली, कॉलेजात कायदा शिकवणारी सून. घरात माझ्या डिग्रीचा उपयोग सोसायटीच्या भांडणांपलीकडे कुणाला झाला नव्हता. त्यामुळे दोनतीन वर्षांपूर्वी एका दुपारी सासऱ्यांनी मला खाणीवर बोलावून घेतलं, तेव्हा जरा बरंच वाटलं.

सुरुंगानं कड्याचा एक कोपरा उघडा पडला होता. काळ्या दगडात माणूस वाकून आत जाईल एवढी पोकळी, आणि आत सगळीकडे स्फटिक, पांढरे, मधूनच फिकट हिरवे. लाव्हा थंड होताना राहिलेल्या बुडबुड्यात पाणी झिरपून हे तयार होतं, असं वाचलं होतं; डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. मोबाइलचा टॉर्च लावून मी हावरटासारखी बघत राहिले.

"फोरून टाकायचा का ठेवायचा?" सासरे म्हणाले. "बाय, कायद्यान काय लिवलाय?"

घरी येऊन मी खाणींचे नियम चाळले. रॉयल्टी कशी भरायची, काढलेल्या दगडाचे ब्रास कसे मोजायचे, भलतंच खनिज सापडलं तर कुणाला कळवायचं, सगळं होतं. जुन्या देवळांना, शिलालेखांना वेगळा कायदा आहे. पण माणसाचा हात न लागता घडलेल्या दगडाला, सरकारनं मुद्दाम जाहीर केल्याशिवाय, कुणी वाली नाही. अशा वारशासाठी एक मसुदा निघाला होता, त्याचा कायदा झालेला मला काही सापडला नाही. मला याची गंमतही वाटली आणि रागही आला.

हा कोपरा सोडायचा आहे, असं आम्ही खनिकर्म खात्याला रीतसर कळवलं. तपासणीला आलेले साहेब भले होते. आत वाकून बघितलं, फोटो काढले, बाहेर येऊन रुमालानं हात पुसत म्हणाले, "मस्त आहे हो. पण मंजूर जागेतला चांगला दगड सोडायचा तर कारण लागतं. सुंदर आहे, हे कारण मला लिहिता येत नाही."

"मंग?" सासऱ्यांनी विचारलं.

"दगड कच्चा आहे, काढण्याजोगा नाही, असं लिहितो. मग त्याला हात लावायला नको. खाली तुमची सही लागेल."

मला युक्ती एकदम आवडली. सासऱ्यांचा चेहरा मात्र उतरला. पंचक्रोशीत त्यांच्या दगडाचं नाव. एका बिल्डरनं मागे त्याला कच्चा म्हटलं, तर इतक्या वर्षांचं गिऱ्हाईक त्यांनी तिथल्या तिथे तोडलं होतं.

"आपल्याच दगराला कच्चा बोलायचा?" ते मला विचारत होते की स्वतःला, कळेना.

ते पुन्हा एकदा पोकळीत जाऊन आले. मग पेन मागितलं आणि सही केली. कागद परत देताना साहेबांना एवढंच म्हणाले, "हा कागद गावान कोनाला दाखवू नका."