मांजरींना टोप्या घालणाऱ्या मॅडम

"घे, टेप लाव. ते काही चावून नाही राहिली तुले."

असं म्हणत मॅडम पिशवीतून मांजर काढायच्या आणि थेट माझ्या कटिंगच्या टेबलावर ठेवायच्या. टेबलावर नेमका कुणाच्या तरी लग्नाचा ब्लाउजपीस पसरलेला असायचा. मांजर चावायची नाही हे खरं. ओरबाडायची.

तुम्ही कधी मांजरीच्या डोक्याचं माप घेतलंय? नसेल तर माझा वैताग तुम्हाला कळायचा नाही. अमरावतीत माझ्यासारख्या लेडीज टेलर काय कमी आहेत, पण मॅडमचं घर आमच्याच गल्लीत आणि त्यांना दिसलं ते माझंच दुकान.

मॅडम शाळेत चित्रकला शिकवायच्या. रिटायर झाल्यावर घरी पाळलेल्या मांजरींची चित्रं काढायला लागल्या, आणि तीही साधी नाहीत. काळा कोट घातलेली मांजर, फेटा बांधलेली मांजर, लाल कोट आणि तुऱ्याची टोपी घातलेली बँडवाली मांजर. कपडे मनानं काढा म्हटलं तर ऐकायच्या नाहीत. "मनातल्या कापडाले घडी पडत नाही वं," म्हणायच्या. म्हणून कपडे मी शिवायचे. तेही ऐन सीझनमध्ये, गिऱ्हाईक दारात उभं असताना.

एकदा मी चिडून विचारलं, "काहून करून राहिल्या मॅडम हे? लोक हसतात."

"हसलेच पाहिजेत," त्या म्हणाल्या, आणि स्टुलावर बसून सगळं सांगितलं. गुडघे पार गेले होते. नागपूरची मुलगी त्यांना कायमचं घेऊन जाणार होती आणि तिच्या फ्लॅटमध्ये मांजर चालत नव्हती. "मी गेली की याईले कोन पाहीन? आधी याईची सोय, मंग मी."

सोय करायची त्यांची रीतही त्यांच्यासारखीच. ज्या घरी मांजर द्यायची, त्या घरच्या माणसाचा वेश तिला चढवायचा, चित्र काढायचं आणि आधी नुसतं चित्र भेट द्यायचं. काळा कोट वकीलसाहेबांकडे गेला. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण बायकोनं चित्र बैठकीत लावलं आणि आल्यागेल्याला दाखवत सुटली. मग एका सकाळी मॅडम पिशवी घेऊन हजर. "फोटोवाली आली," म्हणाल्या. जिला भिंतीवर मिरवलं, तिला दारातून कसं हाकलणार? बँडमास्तरही असाच अडकला. मला हसू यायचं, आणि लगेच पुढच्या मापाची धास्ती वाटायची.

शेवटी ठमी उरली. म्हातारी, एका डोळ्यानं अधू, जवळ गेलं की फिस्कारणारी. तिला कुणी घेईना. मुलीचे फोनवर फोन येत होते, आणि मॅडम अडून बसल्या होत्या की ठमीची सोय झाल्याशिवाय गाडीत पाय ठेवणार नाही.

मी आधीच बजावलं, "मॅडम, माया फोटो काढून मले अडकवू नका. इथं रेशमाचे कपडे असतात. एक केस लागला त गिऱ्हाईक तोंडावर फेकते."

"तुया फोटो कोन काढून राहिलं?" त्या म्हणाल्या आणि पांढऱ्या सुती साडीचा तुकडा टेबलावर ठेवला. बारीक निळ्या काठाचा. त्यांचीच साडी. सोबत त्या उन्हात घालायच्या तशी गोल कापडी टोपी हवी होती, ठमीच्या मापाची. मी ओरबाडे सोसत माप घेतलं आणि गिऱ्हाइकांचं काम बाजूला सारून शिवायला बसले.

चार दिवसांनी चित्र घेऊन आल्या. ठमीच्या अंगावर ती साडी, डोक्यावर टोपी, नाकावर मॅडमचा चष्मा.

"माई सोय झाली तुयापाशी," चित्र माझ्या दुकानाच्या भिंतीवर टांगत त्या म्हणाल्या. "ठमीले घे असं मी म्हनत नाही. तुले वाटलं त सांग."

आता काय सांगणार, कपाळ? "आना तिले," म्हटलं. इतका राग आला होता मला त्यांचा, आणि इतकी माया.

त्या नागपूरला गेल्या. उन्हाळ्यात मुलीचा फोन आला, मॅडम गेल्या.

मुलीकडे फोटो मागितला असता तर मिळाला असता. पण माझ्या मॅडम माझ्या भिंतीवर होत्या. मी बाजारातून शेवंतीचा हार आणला आणि त्या चित्राला घातला. मिशा, टोपी, चष्मा आणि वर हार. दिसायचं ते दिसलं.

दुपारी एक गिऱ्हाईक आली. हाराकडे बघून तोंडाला पदर लावत म्हणाली, "काहून वं, मांजर मेली काय?"

"नाही," मी म्हटलं. "मॅडम गेल्या. मांजर तुयाच ब्लाउजवर झोपून हाय. उद्या ये."