चांदीचे ठिपके

आमच्या पीएच.डी.च्या सरांच्या ऑफिसात देव नव्हते, पण देव्हारा होता. सूक्ष्मदर्शकावर डोळे फोडून घेतलेल्या जुन्या शास्त्रज्ञांचे फोटो भिंतीवर ओळीने लावलेले. एकाने चांदीच्या क्षाराने मेंदूचे काप रंगवायची रीत काढली, दुसऱ्याने त्याच रीतीने चेतापेशी सुट्या असतात हे दाखवलं. दर सप्टेंबरात सर हे नव्या विद्यार्थ्यांना असं सांगत, जणू ते स्वतः तेव्हा शेजारीच उभे होते. ओळीच्या शेवटी एक खिळा रिकामा होता. तो कुणासाठी, हे विचारायची गरज नव्हती.

ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. नागपूरहून न्यू जर्सीत येऊन मला तीन वर्षं झाली होती. एका शुक्रवारी डिस्टिल्ड वॉटर संपलं आणि घाईत मी काप रंगवायची काचेची भांडी नळाच्या पाण्याने विसळली. त्या पाण्यातल्या क्षारांमुळे चांदीचे काळे कण कापावर बसतात, हे पहिल्या वर्षाचं पोरही सांगेल. सोमवारी सरांना मात्र त्यात नव्या प्रकारची पेशी दिसली. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

मी चूक कबूल केली. त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. "यांच्यावरही कुणी विश्वास ठेवला नव्हता."

त्या माणसांनी एकेका पेशीचं चित्र पुन्हा पुन्हा काढण्यात वर्षं घालवली. आमच्या सरांना एक बरणी परत धुवायचं जिवावर आलं. मीच शुद्ध पाण्याने नवे काप केले. ते स्वच्छ निघाले.

"तुझा हात चुकला," सर म्हणाले. "आधी केलंस तसंच कर. थीसिसवर सही मला करायची आहे."

माझी रूममेट पुण्याची, कॉम्प्युटरवाली. ती म्हणाली, "अगं, फाइट कशाला करतेस यार? त्याने असिस्टंटशिप कॅन्सल केली तर व्हिसापण जाईल. डिग्री घे आणि सुट."

मी पुन्हा नळाचं पाणी वापरलं. ठिपके आले, पेपर छापून आला, त्यात सरांच्या खाली माझं नाव. पुढे कुणीतरी ती पेशी नसून घाण आहे असं छापलं, तेव्हा सर त्याच्या अडाणीपणावर हसले.

सर नावाच्या त्या माणसाचा मला अजून तिटकारा येतो. चार लोक जमले की त्याची मी मनसोक्त टर उडवते. नोकरीच्या प्रत्येक अर्जात मात्र तो पेपर लिहिला, आणि तोही सगळ्यात वर.