पहाटे पाचच्या दोन रिंगा

फुटबॉलबद्दल लिहायला बसलोय, त्याबद्दल आधीच माफी मागतो. कॉलेजच्या संघात मी तीन वर्षं होतो, पण प्रत्यक्ष मैदानावर खेळलो ते सगळं मिळून अर्धा तास भरेल की नाही शंका आहे. तेही सामन्याचा निकाल लागून गेल्यावर, सरांना माझी दया आली म्हणून. लिहिण्याबद्दल तर बोलायलाच नको. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नाही. परीक्षेच्या उत्तरांखेरीज मी सलग दोन पानं कधी लिहिलेली नाहीत. त्यामुळे कुठे चुकलं तर सांभाळून घ्यावं. मी एकदा एका मुलाबद्दल मत दिलं होतं. ते मागितलं गेलं म्हणून दिलं, पण द्यायचा मला अधिकार नव्हता. ती गोष्ट आहे तशी सांगून टाकावी, एवढाच हेतू आहे.

तो डाव्या बाजूने खेळायचा. विठ्ठलवाडीचा. आमचं कॉलेज कल्याणचं, मैदान मातीचं, एका टोकाला खडी पडलेली. त्या मैदानावर बॉल कुठेही उसळायचा, सगळ्यांचा उसळायचा, फक्त त्याच्या पायाला लागला की गप्प बसायचा. हे कसं सांगावं ते मला कळत नाही. मी रोज सकाळी भिंतीवर शंभर वेळा बॉल मारून तो थांबवायचा सराव केला, मोजून, वर्षभर. तो मैदानात यायचा तो जांभई देत, आणि पहिलाच बॉल असा थांबवायचा की मी मोजायचं सोडून द्यायचो.

उल्हासनगरच्या एका संघाविरुद्ध आम्ही दोन गोलांनी मागे होतो. पहिल्या अर्ध्या वेळात तो बहुतेक कडेला उभा होता, तिथल्या चणेवाल्याशी बोलत. मध्यंतरात सर त्याला काही बोलले नाहीत, त्याच्याकडे बघितलंही नाही. नंतर त्याने तीन गोल केले. तिसऱ्या वेळी त्यांचा गोलकीपर घसरून पडला, तर हा बॉल पायाखाली धरून उभा. तो उठेपर्यंत थांबला. मग हळूच दुसऱ्या कोपऱ्यात टाकला. आम्ही त्याला खांद्यावर घेतलं. पुढच्याच आठवड्यात ठाण्याला उपांत्य सामना होता आणि तिथे तो झोपेत चालल्यासारखा खेळला. अर्ध्या तासात सरांनी बाहेर काढला.

"काय झालं रे?" मी विचारलं.

"काही नाही. आज नाही लागलं."

"नाही लागलं म्हणजे?"

"म्हणजे नाही लागलं. तू तलाठी आहेस ना, लिही तसं."

तलाठी म्हणजे मी. सरावाच्या हजेरीचं रजिस्टर माझ्याकडे होतं. मी ते घेऊन आलो की कुणीतरी ओरडायचं, "उठा उठा, तलाठी आले, सातबारा काढून ठेवा." मी हसायचो, पण मनातून मला ते रजिस्टर आवडायचं. त्यात माझ्या नावापुढे एकही गैरहजेरी नव्हती. मला दुसरं काही येत नव्हतं, पण हजर राहता येत होतं. शाळेपासून मी तेवढ्यावरच पुढे आलोय. हुशार मुलं वेगळी, आपण रोज जायचं, पहिल्या बाकावर बसायचं, सांगितलेलं लिहायचं. आईसुद्धा तेच सांगायची, "तू जात जा फक्त." त्यामुळे जो येत नाही त्याला ते नकोच असणार, असं मी धरून चालायचो. दुसरं काही असू शकतं हे मला सुचत नव्हतं.

त्याचं येणं माझ्यावर होतं, हे मात्र रजिस्टरमध्ये नव्हतं.

आम्ही दिव्याला राहतो. तेव्हा आमच्या चाळीत पाणी पहाटे पावणेपाचला यायचं आणि तासाभरात जायचं. ते भरायचं काम माझं. एकदा त्याने सहज विचारलं, किती वाजता उठतोस, आणि मी सांगितल्यावर म्हणाला, "मग मला पण उठव ना. दोन रिंगा दे. दोनच हां. तिसरी वाजली की आजोबा उठतात, मग सगळी गल्ली उठते."

"अलार्म लाव की."

"अलार्म मी झोपेतच बंद करतो, भावा. तुझा फोन आला तर लाज वाटून उठेन."

तेव्हापासून पाचच्या ठोक्याला ड्रम भरत असताना मी त्याला दोन रिंगा द्यायचो. जवळजवळ दोन वर्षं. ज्या दिवशी तो आला नाही त्या दिवशीही मी रिंगा दिलेल्या असायच्या. तो उठायचा आणि परत झोपायचा, की उठून कुठे दुसरीकडे जायचा, मला माहीत नाही. त्याच्या न येण्यामागे काहीतरी कारण असेल असं वाटून मी एकदा त्याच्या घरी गेलो होतो. वडिलांचं शिवणकामाचं दुकान, नीट चाललेलं. आईने पोहे दिले, वर खोबरं घातलं, माझ्या घरी कोण कोण असतं ते विचारलं. आजोबा मलाच पोराच्या तक्रारी सांगत बसले. सगळे त्याच्यावर माया करत होते. मी कारण शोधायला गेलो होतो आणि मला काही सापडलं नाही. परत येताना मला त्याचा राग आला होता. एखाद्याला सगळं असतं आणि तरी तो झोपतो, याचा.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी सरांच्या ओळखीच्या एका क्लबने एक मुलगा मागितला. मुंबईत ट्रायल होती. त्यातून निवड झाली तर वर्षभराचं प्रशिक्षण, बूट, जेवण, आणि खऱ्या गवतावर खेळणं. आमच्या कॉलेजातून तोपर्यंत कुणालाच असं बोलावलेलं नव्हतं. नाव एकच द्यायचं होतं. दोघं डोळ्यांसमोर होते. एक तो, आणि एक मधल्या फळीतला मुलगा, मेहनती, रोज येणारा, बरा.

सरांनी मला मैदानाच्या कडेला बोलावलं. सर वयस्कर, कधी आवाज न चढवणारे.

"तुझं त्याच्याशी जमतं, म्हणून विचारतो. पाय देवाने दिलेत त्याला, त्याबद्दल वाद नाही. पण त्याला हे हवंय का? मी पाठवायचं आणि तिथे आठ दिवसांनी ह्याने जायचं बंद करायचं, मग पुन्हा ते आपल्याकडे मुलगा मागणार नाहीत. तुझं मत काय? जिद्द आहे त्याच्यात?"

मला 'माहीत नाही' म्हणता आलं असतं. तेच खरं होतं. पण सरांनी मला मत विचारलं होतं. मला आयुष्यात कुणी फारसं मत विचारलेलं नव्हतं.

मी म्हणालो, "नाही वाटत, सर." आणि एवढ्यावर थांबलो नाही. म्हणालो, "रोज मी फोन करून उठवतो तेव्हा येतो तो."

सरांनी मान हलवली. मग म्हणाले, "त्याच्यात तुझ्या निम्मी चिकाटी असती, तर मी हा प्रश्नच विचारला नसता."

ते ऐकून मला आनंद झाला. हे लिहायला लाज वाटते, पण झाला. इतका की खाली मान घालून मी तो लपवला. दोन वर्षांत माझ्या खेळाबद्दल सर काही बोलले नव्हते. हे वाक्य मी मनात घरापर्यंत नेलं.

पण मी निघण्याआधी सरांनी आणखी एक सांगितलं. "परवा सकाळी साडेसहाला सगळ्यांना बोलव. उद्या सरावाला सुट्टी. परवा त्याला फोन करायचा नाही. आपणहून वेळेवर आला तर त्याचं नाव देतो. आणि हे कुणाला सांगू नकोस."

मी ते एकाला सांगितलं. आमच्या गोलकीपरला. तो विठ्ठलवाडीचाच, त्याच्या पलीकडच्या गल्लीतला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो कॅन्टीनमध्ये भेटला आणि माझ्या पोटात ते राहिना. मी त्याला आईची शपथ घातली, ह्यातलं अक्षर बोलायचं नाही.

"सरांनी हे बरोबर नाही केलं यार," तो म्हणाला.

"मग काय, आयुष्यभर मीच उठवायचं का त्याला?"

"तसं नाही. पण निदान सांगायचं तरी. फोन येणार नाही म्हणून."

"सांगितलं तर ती परीक्षा कसली?" हे मी फार ठामपणे म्हणालो होतो. परीक्षेवर माझा विश्वास होता.

त्या पहाटे पाणी वेळेवर आलं. मी ड्रमला पाइप लावला आणि फोन खिडकीच्या कठड्यावर ठेवला. पाच वाजले. फोन हातात घेतला, त्याचं नाव काढलं. दोन रिंगा, किती वेळ लागतो? सरांना कळलंही नसतं. नियम मोडायचा नाही, हे मी स्वतःला सांगत होतो, पण ते तेवढंच नव्हतं. मला बघायचं होतं. तो येतो की नाही, यापेक्षा माझं म्हणणं खरं ठरतं की नाही, ते.

"ए बाळा, ड्रम वाहतोय तुझा," शेजारच्या काकू ओरडल्या. "कुणाला मेसेज करतोस सकाळी सकाळी? सरक, माझा हंडा लागू दे."

मी फोन खिशात टाकला.

साडेसहाला मैदानावर सगळे होते. मधल्या फळीतला तो मुलगा तर सहालाच आला होता. सरांनी घड्याळ बघितलं आणि सराव सुरू केला. पावणेसात झाले. सात झाले. माझी नजर सारखी फाटकाकडे जात होती. तो यावा असं मला वाटत होतं का? आता विचारलं तर हो म्हणावंसं वाटतं. तेव्हाचं मला नक्की सांगता येत नाही.

सात वाजून दहा मिनिटांनी तो आला, धावत, बुटाच्या नाड्या सुटलेल्या, केस न विंचरलेले. सरांकडे न जाता तो सरळ माझ्याकडे आला.

"काय रे, बरं आहे ना तुला? ताप वगैरे नाही ना?"

"नाही. का?"

"फोन नाही आला तुझा. मला वाटलं आजारी पडलास."

"चार्जिंग संपलेलं," मी म्हणालो.

तो "बरं" म्हणाला आणि नाड्या बांधायला खाली बसला. त्या दिवशी तो कसा खेळला ते विचारू नका. सर पाठ करून उभे होते. मी रजिस्टरमध्ये त्याच्या नावापुढे लाल पेनाने 'उशिरा' लिहिलं. गोलकीपरने दिवसभर माझ्याकडे बघितलं नाही. त्याने शब्द पाळला असं मी समजलो.

मेहनती मुलाचं नाव गेलं. पहिल्या फेरीतच त्याला परत पाठवलं. त्याची काही चूक नव्हती, तो बरा होता, तिथे बऱ्या मुलांची रांगच होती. आमच्या डावीकडच्या मुलाने कुणाला काही विचारलं नाही. माझ्या रिंगा दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सुरू झाल्या होत्या. तो महिनाभर येत राहिला, आधीपेक्षा नियमित. मग पुढच्या वर्षी त्याने प्रवेशच घेतला नाही. मी पहाटे उठत होतो, पण आता कुणाला रिंगा द्यायच्या नव्हत्या. त्याला एकदाही भेटायला गेलो नाही. त्याच्या आईसमोर बसून पोहे खाता येतील असं मला वाटलं नाही.

तरी इतके दिवस मी स्वतःपाशी एक हिशोब मांडून ठेवला होता. मत कठोर होतं, पण खोटं नव्हतं. त्याला हवं असतं तर तो उठला असता. सरांचा निर्णय सरांचा. आणि त्याला काही माहीतच नव्हतं, त्यामुळे मी दगा दिला हेही त्याला कधी कळणार नव्हतं. शेवटच्या मुद्द्यावर मी सगळ्यात जास्त टेकून होतो.

गेल्या महिन्यात मला एका नोकरीच्या मुलाखतीसाठी पँट हवी होती. उल्हासनगरला स्वस्त मिळते म्हणून गेलो, तर एका दुकानात काउंटरमागे आमचा गोलकीपर. अंगाने भरलेला. त्याने चहा मागवला, माझी कंबर बघून स्वतःच दोन पँटी काढल्या.

"तलाठी साहेब मुलाखतीला चालले," तो शेजारच्या मुलाला म्हणाला. "नीट दाखव, ते गैरहजेरी लावतात."

इकडचं तिकडचं झाल्यावर मी आमच्या डावीकडच्या मुलाबद्दल विचारलं. तो मामाच्या फरसाणाच्या दुकानात बसतो, गोलकीपर म्हणाला. रविवारी टर्फवर खेळतो, कधी येतो, कधी नाही. आला तर अजून तसाच.

"तेव्हा ट्रायलला गेला असता तर?" मी म्हणालो. "टिकला असता, तुला काय वाटतं?"

त्याने पँटची घडी घालता घालता माझ्याकडे बघितलं.

"एक सांगू? मी त्याला सांगितलेलं."

"काय?"

"सगळं. आदल्या संध्याकाळी त्याच्या घरी गेलेलो. तुझी शपथ मोडली, सॉरी. म्हटलं, उद्या सर बघणारेत, फोन येणार नाही, अलार्म लाव, नाहीतर माझ्याकडे झोपायला ये."

"मग?"

"हसला. म्हणाला, तू टेन्शन नको घेऊ रे. सरांनी नको म्हटलं तरी तलाठी फोन करतो. मी ओळखतो त्याला, करणारच तो."